घरी न येणारा माणूस

टोस्टरमधला पाव खट्‌कन वर उडाला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की घर फार शांत आहे. चार वर्षांची हॅटी घरात असताना अशी शांतता म्हणजे काहीतरी घडून गेलेलं असतं. ती सोफ्यामागे बसून माझ्या काळ्या बुटांत दुधातले ओट्स भरत होती. 'टॉर्नेडो कझिन्स' या बँडला ऐकायला जाताना घालायचे म्हणून मी ते बूट कितीतरी वर्षांनी बाहेर काढले होते.

"त्यांना भूक लागली होती," ती म्हणाली.

मी बूट धूत होते, तेवढ्यात सासूबाईंचा फोन. चर्चच्या पायरीवर त्यांचा पाय मुरगळला होता. हॅटीला सांभाळायला येणं जमणार नव्हतं. माझा नवरा कर्टिस गुरांचा डॉक्टर. तो कुणाच्या तरी गोठ्यात गाईचं बाळंतपण करत होता.

"मग नको ना जाऊ," तो फोनवर म्हणाला. "त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड आहेत की घरात."

"वासराचा फोटो बघून भागतं का रे तुझं?"

"बरं बाई, जा. पण तिच्या कानांना काहीतरी लाव."

मला एकच गाणं ऐकायचं होतं. एकोणिसाव्या वर्षी, याच गावात कॉलेजला असताना, ते मी रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकलं होतं. त्यातला माणूस व्हिस्कीची बाटली शेजारी ठेवून गाडी चालवत असतो, घराचं वळण येतं, आणि तो न वळता सरळ निघून जातो. बस्स, एवढंच. हॅटी झाल्यापासून मी कुठल्याच वळणावर सरळ गेले नव्हते. तीन मिनिटं जावं, समोर उभं राहून, एवढीच इच्छा होती.

पंचाईत अशी की हॅटीला झोपवताना मी हेच गाणं म्हणायचे. थोडी डागडुजी करून. व्हिस्कीच्या जागी दूध, आणि माणूस मुकाट्यानं वळतो, घरी येतो, दात घासतो.

रेकॉर्डच्या दुकानात, दुपारी तीनला, फुकट कार्यक्रम. दारातल्या दाढीवाल्यानं नियमाप्रमाणे, एकविशीच्या आतली म्हणून, हॅटीच्या दोन्ही हातांवर काळ्या मार्करनं फुली मारली.

"बीअर मागायची नाही हं, मॅडम."

"बीअरनं आजोबांना गॅस होतो," हॅटीनं सांगितलं.

मी दाराजवळच उभं राहायचं ठरवलं होतं, म्हणजे रडारड झाली तर पटकन पळता येईल. पण आमच्या आयोवातली माणसं सभ्यपणानं जीव घेतात. एक उंच पोरगा वळला. "सॉरी मॅम, तुम्हाला दिसत नसेल. पुढे या."

मॅम! याच दुकानात मी त्याच्या वयाची होते ना, आत्ता परवापर्यंत?

"सॉरी, नको, इथे बरंय."

"नाही नाही, सॉरी, आमचंच चुकलं."

सॉरी-सॉरी करत त्यांनी आम्हाला हातोहात पुढे सरकवलं, ते थेट गायकाच्या बुटांसमोर. गायक डेल आता पन्नाशीचा, गाण्यांची यादी वाचायला चष्मा लावणारा. हॅटीच्या कानांवर कर्टिसची गवत कापतानाची जाडजूड गुबगुबीत झाकणं. त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय हे तिला कळायला मार्ग नव्हता.

तिसरं गाणं तेच निघालं. मी डोळे मिटले. गाडी सुरू झाली, मक्याची शेतं मागे पडली, वळण आलं, आणि मी सरळ...

"चूक!"

डेल थांबला. ड्रम्सही थांबले.

"तो वळतो!" हॅटी ओरडली. "तो घरी येतो आणि दात घासतो!"

"हॅटी! सॉरी, अहो, खरंच सॉरी..."

डेलनं चष्मा वर सरकवला. "दात घासतो? वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. बरं, पुढे काय करतो?"

हॅटीनं सांगितलं. अगदी पायजम्यासकट. आणि डेलनं गिटार उचलून ते सगळं गायलं. दीडशे पोरं गळा काढून दात घासत होती. मीही हसत होते. पण माझा माणूस वळला होता.

कार्यक्रम संपल्यावर डेल वायरी गुंडाळत होता. मी धीर केला. "ते गाणं... तुमचं, मूळचं... शेवटचं कडवं एकदा म्हणाल?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हॅटीकडे. गिटार पेटीत गेली होती. तो तसाच उभ्या उभ्या, अगदी हळू, मला एकटीला ऐकू येईल इतपत गायला. मी वळण सोडून सरळ निघाले. पुढे रस्ता मोकळा होता, खिडकी उघडी होती, आणि मला कुणीही हाक मारत नव्हतं.

गाडीत हॅटीला पट्टा लावत होते. कानांवरची झाकणं केव्हाच उतरली होती.

"ममा, हळू गायलं तेव्हा तो नाही वळला."

"हो. ते त्यांचं गाणं आहे."

तिनं हातावरची फुली बोटानं घासून पाहिली.

"मग तो येणार नाही, हे त्याच्या घरी कोण सांगतं?"