दोन बोटं आत

माणसाने मनावर घेतले तर रोजच्या जगण्यातले पाप चाळीस दिवसांत मुळासकट उपटता येते, असे चर्चच्या पाळकांनी सांगितले तेव्हा ते स्टुलावर उभे होते आणि शिंपी गुडघ्यांवर बसून त्यांच्या काळ्या झग्याची पोटाजवळची शिवण उसवत होता.

“पंधरा वर्षं हाच झगा,” पाळक म्हणाले. “देह ताब्यात ठेवला की बाकीचं आपोआप येतं. पण तू उसवतोयस कशाला?”

“दोरा कुजलाय. शिवण पक्की करतो.”

असा दोरा आतापर्यंत तीनदा कुजला होता. हा चौथा. कपडा पुढेमागे सैल करता यावा म्हणून शिवणीत जास्तीचे कापड, म्हणजे माया, राखलेली असते; तीही आता संपली होती.

जाताना पाळकांनी त्याच्या हातात एक कार्ड ठेवले. चाळीस चौकोन, एकेका चौकोनात एक पाप. जे सुटले त्यावर फुली मारायची. मंडळीत अशी साठ कार्डे वाटली होती.

शिंपी हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकणारा नव्हता. रागावर त्याने पहिल्याच दिवशी फुली मारली, कारण तो त्याला फारसा यायचाच नाही. खादाडपणा, चैन आणि परस्त्री ही पापे त्याच्या ऐपतीबाहेरची होती. तीन दिवसांत तिन्ही निकालात निघाली. हेवा जरा जड गेला. रस्त्यापलीकडच्या शिंप्याचे दुकान काचेतून सारखे दिसायचे. त्याने शिलाई मशीनचे तोंड भिंतीकडे फिरवले आणि हेवाही संपवला.

गाडी अडली ती ‘खोटेपणा – बोलून किंवा न बोलता’ या चौकोनापाशी. शिंप्याच्या धंद्यात ‘उद्या या’ हे खोटे नसते, नमस्कारासारखे असते. पण त्याने तेही सोडले. तीन आठवडे लागतील, असे तो गिऱ्हाइकांना सरळ सांगू लागला. गिऱ्हाइके समोरच्या दुकानात गेली. तिथे त्यांना उद्या बोलावले होते.

तरीही फुली मारवेना. शनिवार आडवा येत होता.

त्याची बायको आजारी होती. औषध लागू पडत असेल तर वजन उतरणार नाही, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. लागू पडत नाहीये, हे त्यांनी शिंप्याला जिन्यात सांगितले होते. घरात वजनकाटा नव्हता. म्हणून ती दर शनिवारी दुपारी आपला रविवारचा राखाडी ड्रेस घालून आरशासमोर उभी राहायची. ड्रेस अंगाबरोबर बसला की त्या आठवड्यात ती दोन घास जास्त खायची, जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची. आणि शुक्रवारी दुपारी ती झोपली की शिंपी तो ड्रेस खाली दुकानात नेऊन दोन बोटं आत घ्यायचा.

शेवटच्या शुक्रवारी त्याने पाळकांना चर्चच्या फाटकात गाठले.

“समोरच्याला बरं वाटावं म्हणून केलं असेल तर?”

“पापात लहानमोठं माप नसतं रे,” पाळक म्हणाले. त्यांना कुठेतरी जेवायला जायचे होते. “उसवून टाक. मोकळं वाटेल.”

त्या दुपारी त्याने ड्रेसला हात लावला नाही.

शनिवारी ती आरशासमोर वळून वळून पाहत राहिली.

“अहो, खांदा उतरतोय का हो?”

एरवी तो ‘काहीतरीच तुझं’ म्हणायचा. आज त्याने चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा घातला नाही.

“उतरतोय. मागंही सैल होत होता. मी आत घेत होतो.”

“किती वेळा?”

“पाच.”

“किती?”

“दोन दोन बोटं.”

ती पलंगावर टेकली. उजव्या हाताची बोटे कुशीवर एकापुढे एक ठेवत तिने दहा मोजली.

“हात सफाईदार आहे तुमचा,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, औषधाचा गुण.”

“आधीच सांगायला हवं होतं.”

“कशाला? माझं बरं चाललं होतं की.”

तिने ड्रेस खुंटीला लावला. त्या दिवशी ती जेवली नाही, जिनाही उतरली नाही. शिंप्याने फुली मारली. एका बाजूने रेघ तुटक उमटली, म्हणून पुन्हा गिरवली.

रविवारी तो एकटाच चर्चला गेला. प्रार्थना संपल्यावर त्याने पाळकांना कार्ड दिले आणि म्हणाला, “तुमचा झगाही मी चारदा सैल केलाय. दोरा कुजला नव्हता.”

पाळकांनी पोटावर हात ठेवला, मग काढून घेतला.

“हे सांगायची काय गरज होती?”

“तसा चौकोन होता.”

पाळकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले.

“तू खरंच भरलंस?” त्यांनी विचारले.

साठांपैकी परत आलेले ते एकच होते.

तो घरी आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“वाटलं का मोकळं?”

“नाही.”

“मग बसा मशीनवर. अजून तीन बोटं आत घेऊन ठेवा.”

“आत्ता? ढगळ आहे कुठे इतका?”

“होईल. नंतर तुम्हाला सुचायचं नाही.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “या खेपेला निदान मला सांगून घेताय.”

त्याने ड्रेस खुंटीवरून काढला.

पाच आठवड्यांनी तो ड्रेस लागला. अंगाबरोबर बसला. दफनाच्या प्रार्थनेला पाळक नव्या झग्यात आले. तो समोरच्या दुकानात शिवलेला होता आणि पोटावर घट्ट होत होता.