जॅगोचं चित्र

माझी नणंद टॅमसिन माशांची चित्रं काढायची. डॉक्टर हॅमली आमच्या कॉर्नवॉलच्या समुद्रातल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहीत होते, आणि त्यातलं एकूण एक चित्र तिच्या हातचं. मासा मेला की त्याचा रंग उतरतो, म्हणून होड्या धक्क्याला लागायच्या आत ती रंग आणि खाऱ्या पाण्याची बादली घेऊन हजर असायची. माझा नवरा जॅगो तिचा धाकटा भाऊ. तिच्यासाठी मासे जिवंत राखून आणायचा आणि वर चिडवायचा, "ए टॅमे, बांगड्यांना नटवतेस, एकदा मलाही बसव की पुढ्यात!"

"बांगडा निदान बडबडत तरी नाही."

माणसाचं चित्र तिनं कधी काढलंच नव्हतं. दिसेल तेवढंच काढायचं, हे डॉक्टरांचं सांगणं तिनं बायबलसारखं पाळलं.

त्या मार्चात वादळात होडी उलटली. जॅगोचा देह खडकांत सापडला. घरी आणून त्याला टेबलावर ठेवलं. फोटो काढायला प्लिमथला जावं लागे, तिथं कोण गेलंय! त्याचं मूल माझ्या पोटात होतं.

सासूबाई म्हणाल्या, "टॅमसिन, ह्याला काढ."

"आई, मला माणसं नाही गं जमत."

"उद्या लेकरू विचारील, बाप कसा होता. काय दाखवू, बांगडा?"

ती बसली. कपाळावरची खोक, निळे ओठ, मिटलेले डोळे, सगळं जसंच्या तसं उतरवलं. सासूबाईंनी कागद पालथा घातला. "हे मी बघितलंय. माझा पोरगा काढ."

तिनं दुसरा कागद घेतला. वाकडं नाक आलं, आता हसेल असं तोंड आलं. डोळ्यांशी मात्र कुंचला थांबला.

"त्याच्या डोळ्यांचा रंग कोणता गं?" तिनं मला विचारलं, आणि स्वतःच्याच प्रश्नानं ती कोसळली. "बांगड्याच्या डोळ्यातल्या छटा झोपेत सांगेन मी. आणि सख्ख्या भावाचे…"

मी बोलणार, तोच सासूबाईंनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि उजेडात तोंड केलं. "माझ्याकडे बघ. माझेच उचलले होते त्यानं."

टॅमसिन बघत राहिली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रंग पुरा होईस्तोवर तिनं मान हलवली नाही.

ग्रंथ पुढं छापून झाला, टॅमसिनचं नाव झालं, लंडनहून कामं आली. पण होडी परतली नाही की गावातल्या बायका तिचं दार ठोठावायच्या. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. आधी विचारायची, "कुणावर गेला होता?" आणि त्या माणसाला खिडकीशी बसवायची.

धक्क्यावरही जायची. कुणी मासा पुढं केला, तर आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघून घ्यायची. गडी लाजून म्हणायचे, "बाई, मासा मरतोय!"

"मरू दे," ती म्हणायची.