पाचर कोणी लावली

आमच्या ह्यांना छापखान्यात सगळे ‘दोनहाती’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. कागद कापायचं मशीन असतं ना, त्याला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही दाबलेली असली तरच पातं खाली येतं. का, तर दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली एकही राहत नाही. शेंबड्या पोरालाही कळेल. पण त्यात वेळ जातो. म्हणून आमच्याकडे डाव्या बटणाच्या फटीत लाकडाची बारीक पाचर ठोकायचे. बटण दबलेलंच राहतं, मग उजव्या हाताने कापत सुटायचं आणि डाव्याने गठ्ठा सरकवत राहायचं. मालकांना सगळं माहीत होतं. सुपरवायझर तर पाचर शर्टाच्या खिशात ठेवायचा, पेनाशेजारी.

फक्त आमचे हे लावायचे नाहीत. सव्वीस वर्षं त्या मशीनवर काढली, पण एकदाही नाही. सुपरवायझर कुरकुरायचा, बाकीचे चिडवायचे, की दोनहाती, हा गठ्ठा यंदा संपेल ना? हे हसायचे आणि आपल्याच चालीने चालायचे. मी तिथेच बाइंडिंगला होते. घड्या घालायच्या, शिवायचं, चिकटवायचं. माझं टेबल मशीनच्या समोरच. खरं सांगते, मला लाज वाटायची. घरी आल्यावर मी तोंड सोडायचे, की सगळे लावतात तर तुम्हालाच काय धाड भरलीय?

आता त्यांची एक सवय सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं. उजवा अंगठा ते आधीच बटणावर दाबून ठेवायचे. मग डाव्या तळव्याने गठ्ठ्याची कड थापटून सारखी करायची, हात बाहेर काढायचा, आणि मग डावं बटण. दोन्ही बटणं धड होती तोवर त्या सवयीत काही वावगं नव्हतं.

त्या दिवशी वह्यांची घाईची ऑर्डर होती. हे डबा खायला गेले तेव्हा सुपरवायझरने खिशातली पाचर काढली, ठोकली आणि चार गठ्ठे स्वतः कापले. माझ्या डोळ्यांदेखत. मग त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. पाचर तशीच राहिली. मला वाटलं, येईल आणि काढेल. माझ्या हातात सुई होती, शिवायच्या वह्यांचा ढीग समोर होता, आणि मी मान खाली घातली ती घातलीच. हे आले, धुतलेले हात पँटला पुसले, उजवा अंगठा बटणावर दाबला आणि डावा हात आत घातला.

पुढचं मी सांगत नाही. दवाखान्यात डावा हात मनगटापासून काढावा लागला.

मालक वाईट माणूस नव्हता. असता तर सोपं गेलं असतं, दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण दवाखान्याचं बिल त्याने भरलं, दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिला. हे घरी आल्यावर आठवड्याने तो आमच्या खोलीवर आला, दारात बूट काढले, खाटेच्या कडेवर बसला आणि खरोखर रडला. मीच त्याला पाणी दिलं. मग डोळे पुसून त्याने पिशवीतून दोन वस्तू काढल्या, एक जाड पाकीट आणि एक टाइप केलेला कागद. कागदात लिहिलं होतं की मशीन चांगल्या स्थितीत होतं, पाचर मी माझ्या सोयीसाठी, कोणालाही न विचारता लावली, अपघाताला मीच जबाबदार आहे. खाली ह्यांच्या सहीची जागा. त्याच्या खाली साक्षीदाराची, आणि ती माझ्यासाठी होती.

सरकारी इन्स्पेक्टर येणार आहे, मालक म्हणाला. खरं कळलं तर छापखान्याला टाळं लागेल आणि चाळीस माणसं रस्त्यावर येतील. मला वहिनी वहिनी करत म्हणाला, ही भरपाईच समजा, फक्त कोर्टाच्या खेपा वाचल्या. मग पाकीट खाटेवर ठेवून तो गेला.

ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि उशीखाली सारला. मी विचारलं, काय करायचं? म्हणाले, परत द्यायचं.

“अहो, पण भरपाई आहे ती.”

“भरपाई असती तर त्याने पावती मागितली असती,” हे म्हणाले. “हे लिहून कशाला मागतो?”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, लाच कोण खातं? टेबलामागे बसलेला साहेब खातो, ज्याचं नखही तुटलेलं नसतं. इथे हात आपला गेलाय, भोगतोय आपण. ज्याला लागलं त्याने पैसे घेतले तर त्याला कुठल्या गावात लाच म्हणतात? हे बांधलेलं मनगट मांडीवर घेऊन बसले होते.

“हाताचे असते तर मी घेतले असते गं,” ते म्हणाले. “हे हाताचे नाहीत. सव्वीस वर्षं मी पाचर लावली नाही, तेवढंच माझ्याजवळ आहे. तो ते मागतोय.”

तेवढंच घेऊन काय करायचंय, त्याचं लोणचं घालायचंय का, असं मी म्हणाले. हो, मीच म्हणाले. आज ती जीभ झडून का गेली नाही असं वाटतं, पण तेव्हा घरभाडं तुंबलं होतं, औषधं चालू होती, आणि ह्यांचं सगळं करून मी एकटीच छापखान्यात कशी जाणार होते? चार दिवस आमचा अबोला होता. पाचव्या दिवशी मी शेवटचं बोलले. एका हाताच्या माणसाला आता कोण कामाला ठेवणार आहे, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

ह्यांनी उशीखालून कागद काढला. पाटावर ठेवून सही करायला गेले तर तो सरकायला लागला. धरायला दुसरा हातच नव्हता. तेव्हा कागद मी धरला, दोन्ही हातांनी, घट्ट. मग खाली माझी सही केली.

त्या पैशांतून आम्ही झेरॉक्सचं दुकान टाकलं. दवाखान्यासमोरच्या गल्लीत एक गाळा मिळाला. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग. दवाखाना समोर म्हटल्यावर गिऱ्हाइकाला तोटा नाही, प्रत्येकाच्या हातात कागद. नव्या मशीनला एकच मोठं हिरवं बटण होतं. हे बरं, हे म्हणाले, आता मला कोणी दोनहाती म्हणणार नाही. मी हसले. त्यांनीही हसून दाखवलं.

आमचं सगळं बोलणं सकाळी व्हायचं, शर्ट घालताना. हे समोर उभे राहायचे, छताकडे बघत, आणि मी खालपासून वरपर्यंत बटणं लावायचे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण इतक्या जवळून मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मानेवर एक तीळ आहे, तो मला तेव्हा सापडला. हे मुद्दाम पोट पुढे काढायचे, म्हणायचे, बघ, तुझ्या राज्यात शर्ट आखूड व्हायला लागले. मी चापट मारायचे. हात गेला तरी माणूस माझ्याजवळ होता, आणि मला वाटायचं, चला, निभावलं.

एकदाच निभावलं नाही. छापखान्यातली दोघं जुनी माणसं दुकान बघायला आली, चहा घेतला, आणि निघताना एक जण हसत म्हणाला की काहीही म्हणा, शेवटी दोनहातींनीसुद्धा पाचर लावलीच की. वाईट हेतू नव्हता बिचाऱ्याचा. कागदात तसंच होतं, त्याला तेच माहीत. ह्यांनी कप खाली ठेवला आणि पुसलेलं काउंटर पुन्हा पुसायला घेतलं.

मग दीड वर्षाने, एका दुपारी, दुकानात एक बाई आली. तिशीची असेल. डोळे सुजलेले, खांद्याला पिशवी, पिशवीत एक्स-रे. कागदांच्या दोन-दोन प्रती हव्या होत्या. मी एकेक कागद काचेवर ठेवत होते आणि ती आपणहून सांगत होती, जशी दवाखान्यातून आलेली सगळीच सांगतात. नवरा छापखान्यात कटिंगला. परवा तीन बोटं गेली. मी छापखान्याचं नाव विचारलं नाही. मनात म्हटलं, शहरात छापखाने काय कमी आहेत?

शेवटचा कागद तिने जपून काढला. मालकाने नमुना म्हणून दिलाय, म्हणाली, असंच लिहून द्या म्हणतात, मग पैसे देतील. वरच्या नावावर पांढरी शाई फासली होती. खालच्या सह्या तशाच होत्या. सही कोणाला वाचता येते? पण एक माझी होती, आणि तिच्या वरची जराशी तिरकी, कारण धरलेला कागदही शेवटी थोडा हललाच होता.

“काकू, तुम्ही रोज कागद बघता,” ती म्हणाली. “सही करावी का? आमचे हे म्हणतात, पाचर मी लावलीच नाही, मेलो तरी लिहून देणार नाही. मालक म्हणतात, आमच्या सगळ्यात जुन्या माणसानेसुद्धा स्वतःच लावली होती, हा बघा त्याचा कागद. मी कोणाचं खरं मानू?”

हे मागे बसले होते, मनगटाने वही दाबून स्पायरल घालत. मला वाटलं ऐकलं नसेल. पण खुर्ची सरकली. ते आले, काचेवरचा कागद उचलला आणि नुसते बघत राहिले.

“ही सही माझी आहे,” हे तिला म्हणाले. “आणि लिहिलंय ते खोटं आहे. पाचर सुपरवायझरने लावली होती. तुमच्या नवऱ्याला सही करू देऊ नका. मी येतो इन्स्पेक्टरसमोर सांगायला.”

दीड वर्षात मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. ताठ उभे होते, मशीनवर उभे राहायचे तसे.

आणि मी काय बघितलं? मी दुकान बघितलं. मशीन, काउंटर, कागदाची रिमं, भिंतीवर परवाच लावलेली दरांची पाटी. हे बोलले की मालक पैसे परत मागणार, खोटं लिहून दिलं म्हणून आम्ही दोघं पोलिसांच्या दारात, आणि ह्या वयात पुन्हा रस्त्यावर. हे सगळं एका क्षणात झालं, आणि मी हसले. बाई गं, मी हसले.

“तुम्ही मनावर घेऊ नका,” मी तिला म्हणाले. “ह्यांनाही असाच अपघात झाला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नसतं. कुठलीही सही दिसली की माझीच म्हणतात.”

तिने आधी ह्यांच्या मनगटाकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. डोळ्यांत इतकी कीव आली तिच्या. हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं ओरडतील, निदान खोटारडी म्हणतील. त्यांनी कागद काचेवर ठेवला, होता तसा, सरळ करून. तिने मला पुन्हा विचारलं, मग सही करू ना? मी म्हटलं, कर. पैसे घे आणि मोकळी हो, तीच तुझी भरपाई. प्रतींचे पैसे देत होती, ते मी घेतले नाहीत. केवढं माझं मोठं मन. ती आभार मानून गेली, आणि हे मागे जाऊन अर्धं राहिलेलं स्पायरल घालायला बसले.

लाच की भरपाई, यावर मी कोणाशीही भांडले असते. पहिल्या पाकिटासाठी अजूनही थोडी भांडेन, कारण हात खरंच गेला होता आणि घरात खरंच काही नव्हतं. पण त्या दुपारी मला कोणी पाकीट दिलं नव्हतं. मालक तिथे नव्हतासुद्धा. तरी मी त्याचं काम करून टाकलं, आणि माझ्या माणसाने सव्वीस वर्षं जपलेली आणि दीड वर्षाने परत उचललेली एकच गोष्ट त्याच्या हातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्ट घेऊन उभी राहिले. ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून घालायला लागले. एका हाताने. कॉलर दातात धरायची, हनुवटीने दाबायचं, बोटांनी काजं शोधायची. अर्धा तास लागला. रागावलेले नव्हते हो. चहा घेतला, किल्ली कुठे आहे विचारलं, दुकानात गेले. रोजचं सगळं बोलतात, फक्त शर्टाला हात लावू देत नाहीत. मी किती वेळा माफी मागितली, रडले, एकदा तर म्हटलं, चला, आत्ता जाऊ इन्स्पेक्टरकडे, दोघं जाऊ. हे म्हणाले, तिच्या नवऱ्याने सही केल्याचं कानावर आलंय, आता कोणाला सांगणार? शिवाय माझं डोकं ठिकाणावर नसतं, असंही म्हणाले. यात टोमणाही नव्हता.

काल एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. शर्ट एका बाजूने वर, एका बाजूने खाली. मला राहवलं नाही, मी हात पुढे केला. हे एक पाऊल मागे सरकले. दिवसभर दुकानात तसेच बसले होते, वाकडा शर्ट घालून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल की बिचाऱ्याला बघायला घरी कोणी नाही.