घरून आणलेलं पाणी

हेरंबला आज फक्त एक प्रश्न हवा होता. कसलाही चालला असता. बी.ए. आणि बी.कॉम.च्या चाळीस मुलांना तो बडोद्यात पर्यावरण-रसायन शिकवायचा, आणि चार महिन्यांत त्या चाळिसांनी मिळून एकही शंका काढली नव्हती. आज विभागप्रमुख कांचनबेन मागच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. "एका तरी विद्यार्थ्यानं काही विचारलं तर विषय चालू. नाहीतर पुढच्या सत्रात त्या तासाला योगासनं," असं त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं होतं.

म्हणून त्यानं प्रत्येकाला घरच्या नळाचं पाणी आणायला सांगितलं. त्याच्याकडे आंबटाला लाल, सोड्याला निळे आणि निव्वळ पाण्याला हिरवट होणारे थेंब होते. घरोघरचं पाणी वेगळं, म्हणजे रंग वेगळे, म्हणजे कोणीतरी विचारणारच, असा बेत.

पहिली बाटली हिरवट झाली. दुसरी हिरवट. अकराव्या बाटलीला वर्ग जांभया देत होता.

"कुशल, हे नळाचंच ना?"

"नळाचंच, सर," रावपुऱ्याचा कुशल म्हणाला. "पण आई म्हणाली, घरचं पाणी चारचौघांत जाणार, तसंच कसं देऊ? मग आरओतून काढलं, उकळलं, गाळलं."

चौकशी केली तर अडतीस घरांत हेच. वैष्णवीच्या बाटलीला तर लोकरीचं कव्हर होतं. एकानं दुकानातली सीलबंद बाटलीच आणली होती. आख्ख्या बडोद्याची अब्रू टेबलावर हिरवट उभी होती.

शेवटची बाटली डभोईच्या हार्दिकची. थेंब पडला आणि पाणी लालभडक! वर्ग बाकांवर चढला.

"अरे, डभोईत नळाला ॲसिड येतं की काय?"

"ना सर. बा म्हणाली, तुझे सर बहु सुकलेत. लिंबू पिळलंय. तुम्हाला प्यायला."

"पण लिंबानं लालच का?"

प्रश्न! हेरंब हरखून वळला. विचारणाऱ्या कांचनबेन होत्या. त्यांनी जीभ चावली. "माझा धरता येणार नाही. हार्दिक, तू विचार ना हेच."

"मला बीजुं, दुसरंच विचारायचंय, मॅडम. आरओच्या दुसऱ्या नळीतून बादलीत पडतं त्या पाण्यात नळातलं सगळं उरत असेल ना? त्याचा रंग काय येईल?"

हेरंबनं सांगायला तोंड उघडलं, पण ऐकायला कोणी उरलंच नव्हतं. चाळीसच्या चाळीस स्टाफरूमच्या आरओकडे धावत सुटले होते आणि सगळ्यांच्या पुढे, थेंबांची बाटली उंच धरून, कांचनबेन.