शेवंतीखालचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी झाकण आहे. अंगणातल्या गटाराच्या चेंबरवरचं. नाक मुरडलंत ना? सवय आहे मला.

साच्यात ओतून मला या अंगणात आणून बसवलं. घरातले काका मला फार जपायचे. अधूनमधून मला उचलून खालचा गाळ काढायचे, घासूनपुसून परत बसवायचे. "घराचं पोट साफ, तर घर खूश!" असं काकूंना सांगायचे.

काका गेले आणि एकट्या काकूंना घर झेपेना. त्यांनी ते विकायला काढलं. मला पाहून दलालाने तोंड वाकडं केलं. "काकू, दारातच गटार? गिऱ्हाईक फाटकातूनच परत जाईल. झाकून टाका."

"झाकते. पण घेणाऱ्यांना सांगेन हं मी," काकू म्हणाल्या.

माझ्यावर वीतभर माती पडली, तिच्यात शेवंती लागली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नशिबी थाट आला, तोही मी दिसू नये म्हणून!

मग एक जोडपं लहान मुलीला घेऊन घर बघायला आलं. नवऱ्याने कुंपण हलवून पाहिलं, नळ सोडून पाहिला, भिंतीची ओल चाचपली. बायको मात्र वाफ्यापाशीच खिळली. "अहो, मला हेच घर हवं. ही फुलं बघा ना!"

काकूंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. काका गेल्यापासून त्यांच्या बागेला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात मुलीने वाफ्यात उडी मारली. मी सगळा जीव एकवटून आवाज दिला.

"बाबा, इथे खाली ढब्ब वाजतंय!"

"फुलं तुडवू नकोस. ये इकडे."

घर विकलं गेलं. खाली गाळ साचत राहिला. शेवटी एक दिवस मोरीतलं घाण पाणी उलटं फिरून घरभर पसरलं. गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं भिजलं. प्लंबरने अंगण जागोजागी खणलं, पण चेंबर सापडेना. मुलीनेच वाफ्याकडे बोट दाखवलं. जिने फुलांपायी घर घेतलं, तिनेच ती आपल्या हातांनी उपटली.

कळताच काकू धावत आल्या. चिखलात पडलेल्या मला बघून त्यांचे डोळे भरले. मुलीच्या आईला म्हणाल्या, "सांगणार होते गं मी. तू एवढं कौतुक केलंस, मग जीभच रेटली नाही."

मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही घर बघायला जाल. बागेचं कौतुक जरूर करा. पण एकदा पाय आपटून बघा, आणि सोबतचं मूल काही म्हणालं तर थांबा. मला तेवढंच बोलता येतं, आणि ते फक्त त्या मुलीनेच ऐकलं होतं.