भट्टीचं तापमान

ब्युरेटची तोटी तिनं केसभर सैल केली. धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंबाथेंबानं खालच्या जस्ताच्या द्रावणात पडू लागलं आणि पांढरा साका धरू लागला. ही एकोणिसावी खेप होती.

शाळेतली नोकरी सोडून बेचाळिसाव्या वर्षी ती संशोधनाला आली होती. प्रयोगशाळेतली पोरं तिला काकू म्हणत. तिच्या मार्गदर्शक सरांनी अकरा वर्षांपूर्वी झिंक ऑक्साइडचे वीस नॅनोमीटरचे कण बनवले होते. जंतू मारण्यात ते कण तरबेज, आणि त्यांच्यावरच्या लेखानं सरांचं नाव झालं होतं. तिला तेच कण बनवून पुढचं काम करायचं होतं. पण तिचे कण दर वेळी साठाच्या घरात जात आणि चाचणीच्या काचबशीतले जंतू खुशाल वाढत.

"हाताला वळण नाही अजून," सर म्हणायचे. संशोधनाच्या मुदतीचे दोन महिने उरले होते.

साका धुऊन, वाळवून तिनं भट्टीत ठेवला, लेखात छापल्याप्रमाणे सहाशे अंशांवर. बाहेर काढलेली पिवळी भुकटी निवता निवता पांढरी झाली. कणांचा आकार सांगणारा क्ष-किरणांचा आलेख आला. एकसष्ट.

ती आलेख घेऊन तडक सरांच्या खोलीत गेली.

"सर, माझा हात वाईट असेल. एकदा तुमच्या हातानं करून बघाल?"

आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं. पण सर उठले, कुणाचा तरी ॲप्रन चढवून ब्युरेटपाशी उभे राहिले. सुरुवातीला धारच लागली. मग हात बसला. साकाही त्यांनी लेखाप्रमाणे सहाशेवरच तापवला.

चौथ्या दिवशी त्यांच्या कणांचा आलेख आला. अठ्ठावन्न.

सरांनी कपाटाच्या तळातून जुनी वही काढली. पानं उलटताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"वहीत तीनशे अंश आहे. लेखात सहाशे पडलंय. जास्त तापलं की कण एकमेकांना चिकटून वाढणारच."

"छापणाऱ्यांची चूक असेल, सर."

"नाही. टाइप मीच केलं होतं."

तिनं भट्टी तीनशेवर लावली. या वेळी कण बावीसचे निघाले. दुसऱ्या दिवशी बशीत भुकटीभोवती स्वच्छ कडं दिसलं. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. पोरं बशीवर वाकून बघत राहिली. तिनं मात्र आधी कड्याची रुंदी मोजून वहीत लिहिली.

संध्याकाळी सरांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. लेख छापलेल्या मासिकाला धाडायचं दुरुस्तीचं पत्र होतं. चूक कुणाची आणि ती कुणामुळे सापडली, दोन्ही सरळ लिहिलं होतं.

"सर, एवढं कशाला? लोक बोलतील."

"बोलू देत. आणखी कितीजण आपल्या हाताला दोष देत बसले असतील."

खाली सह्यांना दोन जागा होत्या. दुसरीवर सरांची सही आधीच झाली होती. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्याकडे केलं.