कोंडवाड्याचं दार

लोअर थर्लो गावाची सनद १८९४ सालची. ती नव्याने लिहिण्यासाठी नेमलेली समिती चौदा महिने दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेच्या ग्रंथालयात बसली. खुर्च्या तिसरीच्या मुलांच्या होत्या. समितीचे अध्यक्ष रॉडनी विलोबी सहा फूट दोन इंच उंच आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी ते कनेटिकटहून इथे राहायला आले, त्यामुळे गावात ते अजून बाहेरचेच.

रद्द करायच्या पदांची यादी विलोबींनी स्वतः केली. डुक्करपाल हे पद त्यात पहिलं होतं. ते पद अकरा वर्षं आपल्याकडे आहे, हे बड थिबोडो यांना ती यादी वाचून कळलं. त्यांची हरकत नव्हती. झाडांची साल मोजणारा, कोळसा तोलणारा ही पदंही बिनविरोध गेली. शेवटचं पद कोंडवाड्याच्या रखवालदाराचं. ते अ‍ॅव्हिस पेटेनगिल यांच्याकडे होतं.

अ‍ॅव्हिसबाई शहात्तर वर्षांच्या. कोंडवाडा म्हणजे त्यांच्या घराशेजारचं दगडी कुंपण. मोकाट जनावर तिथे शेवटचं आलं त्याला त्रेपन्न वर्षं झाली. त्यांचे पती अर्ल आधी रखवालदार होते. ते वारले तेव्हा गाव कार्यालयावरचा झेंडा तीन दिवस अर्ध्यावर होता. पदावर असताना मरण आलेल्या प्रत्येक गाव-अधिकाऱ्याला हा मान आहे, असं सनदेचं कलम ३१ सांगतं. उरलेली मुदत अ‍ॅव्हिसबाईंना मिळाली, आणि पुढे त्या दर वर्षी निवडून येत राहिल्या. या मार्चमध्ये बावीस वर्षं पूर्ण होत होती.

जानेवारीतल्या जाहीर सुनावणीला त्या काकवीची बिस्किटं घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

"रॉडनी, कलम ३१ राहणार का?"

"राहणार. त्याला आम्ही हात लावलेला नाही."

"आणि माझं पद?"

"ते जाणार. मार्चच्या गावसभेत सनद मंजूर झाली की लगेच."

"म्हणजे त्यानंतर मी गेले, तर झेंडा नाही."

विलोबींनी कागद पाहिला. "साध्या नागरिकासाठी तशी तरतूद नाही."

"मग मार्चच्या आधी मरायला हवं."

"तशी सक्ती नाही, बाई."

"अर्लला तीन दिवस मिळाला," अ‍ॅव्हिसबाई म्हणाल्या. "मलाही हवाय. दुसरं काही मी या गावाकडे मागितलेलं नाही. बिस्किटं घ्या."

समितीने बिस्किटं घेतली आणि तीन विरुद्ध शून्य मतांनी पद रद्द करण्याची शिफारस कायम ठेवली.

सनदेप्रमाणे गावसभेची नोटीस सात दिवस आधी तीन ठिकाणी लागते: चर्चच्या दारावर, दुकानात आणि कोंडवाड्याच्या दारावर. तिसऱ्या नोटिशीचा दाखला रखवालदार सही करून देतो. दर वर्षी गावाची कारकून कॉनी व्हार्नम कागद अ‍ॅव्हिसबाईंच्या हातात देत असे आणि बाई तो लावत. या वर्षी विलोबींना संकोच वाटला. स्वतःचं पद जाणार असल्याची नोटीस बाईंनाच लावायला सांगणं त्यांना बरं दिसेना. ते फेब्रुवारीच्या बर्फातून स्वतः गेले, कुंपणाच्या खांबाला कागद ठोकला आणि घरी आले.

मार्चच्या पहिल्या सोमवारी शाळेच्या सभागृहात गावसभा भरली. हॉलिस लिबी सभेचे अध्यक्ष. त्यांनी तीन दाखले मागितले. दोन मिळाले. तिसऱ्याच्या वेळी अ‍ॅव्हिसबाई उठल्या.

"दारावर नोटीस लागली नव्हती."

"मी स्वतः लावली," विलोबी म्हणाले.

"खांबावर लावलीस. दार माझ्या कोठारात आहे."

"कोठारात?"

"अर्लने बिजागरी बदलायला काढलं होतं."

"कधी?"

"मुलगी कॉलेजात होती तेव्हा. आता तिची मुलगी कॉलेजात आहे."

सभागृहात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. विलोबींना एकोणीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

"एक मिनिट," विलोबी म्हणाले. "म्हणजे इतकी वर्षं नोटीस कोठाराच्या आत लागत होती? मग त्या सगळ्या सभा..."

"बस खाली, रॉडनी," मागून बड थिबोडो म्हणाले.

"नाही, पण कायद्याने पाहिलं तर शाळेचं छप्पर, पूल, आमच्या समितीची नेमणूकसुद्धा..."

"अरे बाबा, त्या छपराखालीच बसलायस तू!"

हॉलिस लिबींनी हातोडी आपटली. सनद उघडून त्यांनी ते कलम दोनदा वाचलं.

"सनदेत दार म्हटलंय. दार कुठे असावं हे म्हटलेलं नाही. कोठाराला कुलूप असतं का, अ‍ॅव्हिस?"

"कधीच नाही."

"मग आधीच्या सभा कायदेशीर. आजची नाही. पाच एप्रिलला पुन्हा भेटू. उसळ तयार आहे, ती खाऊन जा."

गाव खाली तळघरात गेलं आणि जेवलं.

मार्चच्या शेवटी रस्ते चिखलाने भरले. विलोबी गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून नवी नोटीस घेऊन पेटेनगिलांकडे चालत गेले. गमबूट दाराशी काढायला लागले तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे. कोठारच आहे."

दार गवताच्या गंजीला टेकून उभं होतं. ओकचं, पाच फळ्यांचं. मधल्या फळीवर टाचण्यांची इतकी भोकं होती, की तिथलं लाकूड चाळणीसारखं झालं होतं. बिजागऱ्या नव्या होत्या आणि दुकानाच्या कागदी पिशवीत होत्या.

बाईंनी नोटीस हातात घेतली. चष्मा नाकावर चढवून सगळी वाचली. सातवा विषय त्यांच्या पदाचा होता. तोही वाचला. मग चार टाचण्यांनी ती दारावर लावली आणि तळहाताने सपाट केली.

"सात दिवसांनी दाखला आणून देते कॉनीला."

विलोबी म्हणाले, "तुम्ही सही केली नाहीत, तर सभा पुन्हा पुढे जाईल."

"माहीत आहे मला."

"मग?"

"नोटीस लागलीय ना? लागली. मग नाही लागली असं कसं लिहू? मागच्या वेळी नव्हती, म्हणून नाही म्हटलं."

"झेंड्यासाठी सनदेत तुमचं नाव घालता येत नाही, बाई. मी पाहिलं. व्यक्तीचं नाव चालत नाही."

"नाव घालून कोण मागतंय? जा, अंधार पडायच्या आत गाडीपाशी पोच. त्या वळणावर चिखल बूट ओढून घेतो."

वळणावर विलोबींचा डावा बूट गेला. तो काढायला त्यांना वीस मिनिटं लागली. त्या वेळात दुरुस्ती सुचली, असं त्यांनी पुढे सांगितलं.

पाच एप्रिलला तिन्ही दाखले आले. तिसऱ्यावर अ‍ॅव्हिसबाईंची सही होती. सातव्या विषयावर विलोबी उठले आणि स्वतःच्याच मसुद्याला त्यांनी दुरुस्ती सुचवली: रखवालदाराचं पद रद्द व्हावं, पण सध्याची नेमणूक तहहयात समजावी आणि पद रिकामं होईल त्या क्षणी रद्द व्हावं.

अ‍ॅव्हिसबाईंनी हात वर केला. "एक प्रश्न आहे. मी मेले की पद रिकामं झालं. रिकामं झालं की रद्द. मग झेंडा अर्ध्यावर उतरवायच्या वेळी ते पद उरलंच नाही. कार्यालयात कोणीतरी हुशार निघेल आणि म्हणेल, कसला झेंडा?"

"कोण म्हणेल?" बड थिबोडोंनी विचारलं.

"रॉडनी म्हणेल."

लोक हसले. विलोबी हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, कारण मुद्दा बरोबर होता. खिशातून पेन काढलं, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. मग वाचून दाखवली.

"सदर पद, कलम ३१ प्रमाणे अर्ध्यावर उतरवलेला झेंडा पुन्हा पूर्ण वर चढवला जाईल, त्या क्षणी रद्द होईल."

"आणि तिने राजीनामा दिला तर?" कोणीतरी विचारलं.

"नाही देणार," अ‍ॅव्हिसबाई म्हणाल्या.

हॉलिस लिबींनी मतं मोजली. दुरुस्ती १२१ विरुद्ध ९. नवी सनद ८८ विरुद्ध ४२. सभा साडेअकराला संपली. कॉनीने तिथेच बाईंना उजवा हात वर करायला सांगून शपथ दिली.

बाहेर पडल्यावर अ‍ॅव्हिसबाई गाव कार्यालयासमोर थांबल्या. झेंड्याच्या खांबाकडे वर पाहिलं, दोरी धरून दोनदा ओढली. दोरी हलली नाही.

"रॉडनी, ही चाकावर अडकतेय. तेल घालून ठेव."

"आज घालतो."

"घाई नाही," बाई म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.